टर्बो गाडीला एक्झॉस्ट पाइप किती इंची? सोलापुरातल्या कामाच्या नोंदी

२८ डिसेंबर

गाडी फियाट लिनिया टी-जेट. १,३६८ सीसी, टर्बो पेट्रोल, कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ११४ पीएस आणि २०७ न्यूटन-मीटर. रांजणगावच्या कारखान्यातली. माझ्याकडे आली तेव्हा मूळ सायलेन्सर लाइन निघून गेलेली होती. आधीच्या मालकाने कॅटच्या (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) मागून शेपटापर्यंत पावणेदोन इंची लोखंडी पाइपची लाइन ओढून घेतली होती. मागच्या एक्सलवरून जाणारा बाक हायड्रॉलिक प्रेसवर वाकवलेला, त्यामुळे तिथे पाइप चपटा झालेला. लक्षण एकच, पण ठळक : ४,००० आरपीएमच्या पुढे गाडी गुदमरते आणि बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) उशिरा येतो.

काम सुरू करण्याआधी तीन गोष्टी ठरवल्या. कॅट जागेवर राहणार. आवाज मूळ गाडीच्या पातळीवरच राहणार. इंजिनची ताकद वाढवण्याचा प्रयत्न नाही, फक्त तिची अडलेली वाट मोकळी करायची. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याबद्दल काय म्हणतं, ते हे काम करणाऱ्या प्रत्येकाने आधी वाचावं. कॅट काढून मोकळा पाइप टाकायचा सल्ला गॅरेजमध्ये चहासोबत मिळतो. तो मी घेतलेला नाही आणि कुणाला देणारही नाही.

१ जानेवारी

"किती इंची टाकू?" हा प्रश्न विचारला की उत्तरं फक्त इंचात येतात. कुणी अडीच म्हणतं, कुणी तीन. सध्याच्या लाइनमध्ये दाब नेमका कुठे अडतोय, हे कुणी विचारत नाही. म्हणून नवीन पाइप आणण्याआधी जुन्या पाइपवरच गेज लावायचं ठरवलं.

तीन ठिकाणी भोक पाडून पाव इंचापेक्षा लहान आट्यांचे बंग, म्हणजे नळी बसवायची छोटी तोंडं, वेल्ड करून घेतले : पहिला कॅटच्या लगेच मागे, दुसरा मधल्या सायलेन्सरच्या मागे, तिसरा एक्सलवरचा बाक संपल्यावर मागच्या डब्याच्या, म्हणजे शेवटच्या सायलेन्सरच्या, तोंडाशी. बंगातून एसी दुरुस्तीवाल्याकडची तांब्याची नळी, तिची गुंडाळी करून वायू थंड होऊ दिला, तिथून पुढे सिलिकॉन होज आणि ० ते १ बारचं गेज.

पहिल्या झटक्यात गेज निकामी व्हायची वेळ आली. एक्झॉस्टचा दाब धक्क्याधक्क्याने येतो, काटा इतका थरथरत होता की आकडा वाचताच येईना. मध्ये छोटा नीडल व्हॉल्व्ह टाकला आणि तो जवळजवळ बंद ठेवला, तेव्हा काटा स्थिर झाला. त्याशिवाय हे माप घेऊच नका.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. ही नळी केबिनमध्ये आणायची नाही. होज निसटली तर कार्बन मोनॉक्साइड थेट आत येईल आणि त्याला वास नसतो. गेज बाहेर, समोरच्या काचेवर चिकटपट्टीने लावलं आणि आतून वाचलं.

४ जानेवारी

चिंचोळी एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर, सुटीच्या दिवशी पहाटे, दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर. शेजारी बसलेला भाचा आकडे लिहीत होता. ५,००० आरपीएमला वाचलेले दाब असे :

कॅटच्या मागे ०.३४ बार. मधल्या सायलेन्सरच्या मागे ०.२३. मागच्या डब्याच्या तोंडाशी ०.१४.

म्हणजे कॅटपासून मधल्या सायलेन्सरपर्यंत ०.११ बार जातोय, मधल्या पाइपात आणि त्या चपट्या बाकात ०.०९, आणि एकट्या मागच्या डब्यात ०.१४. सगळ्यात मोठा अडथळा पाइप नव्हे, डबा निघाला. हे माप घेतलं नसतं तर मी महागडा जाड पाइप टाकून तोच डबा परत लावला असता. दोष पाइपचा, असं सगळेच म्हणत होते.

चाचणी नेहमी पहाटेच घेतोय. थंड हवा घट्ट असते, इंजिन जास्त हवा ओढतं आणि दाब वाढलेला दिसतो. जानेवारीची पहाट आणि मार्चची दुपार यांचे आकडे एकमेकांशी लावले तर फसगत होईल.

६ जानेवारी

आता हिशोब. तो वहीत असा मांडला.

११४ पीएस म्हणजे ८४ किलोवॅट. पूर्ण लोडवर टर्बो पेट्रोल इंजिन एका किलोवॅट-तासाला साधारण ३२० ग्रॅम पेट्रोल खातं, म्हणजे तासाला २७ किलोच्या आसपास. पूर्ण लोडवर मिश्रण थोडं घट्ट असतं, एक भाग पेट्रोलला बारा भाग हवा धरली. हवा आणि पेट्रोल मिळून तासाला ३५० किलो, सेकंदाला ९७ ग्रॅम वायू मागून बाहेर पडतो.

टर्बोच्या मागे हा वायू ७५० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. इतक्या तापमानाला एका घनमीटरमध्ये तो जेमतेम ०.३६ किलो भरतो. म्हणजे सेकंदाला २७० लिटर. एअर फिल्टरमधून आत जाते तेव्हा हीच हवा सेकंदाला ८० लिटरच असते. साडेतीनशे किलो तेच, जागा मात्र तिपटीहून जास्त.

हे २७० लिटर दीड मिलिमीटर जाडीच्या पाइपमधून न्यायचे तर वेग असे येतात : पावणेदोन इंचात सेकंदाला २०० मीटर, दोन इंचात १५०, सव्वादोन इंचात ११७, अडीच इंचात ९४, तीन इंचात ६४.

वेग दुप्पट झाला की दाबाचं नुकसान चौपट होतं. तेवढाच वायू न्यायचा असेल तर सरळ पाइपमधलं घर्षणाचं नुकसान आतल्या व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतं. दोन इंचावरून अडीचवर गेलं तर ते तिपटीहून जास्त कमी होतं. अडीचवरून तीनवर गेलं तर पुन्हा अडीच पटीने कमी होतं, पण तोवर कमी करायला उरलेलंच थोडं असतं. ०.०२ चं ०.०१ झालं तर या गाडीला ते कळणार नाही. उलट तीन इंची पाइप होटगी रोडवरच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला घासेल.

या हिशोबातला खरा मुद्दा पुढे आहे. वायू मागे जाता जाता थंड होतो. मागच्या एक्सलपाशी तो ४०० अंशांवर आला असं धरलं, तर तेवढाच वायू सेकंदाला १७८ लिटरच जागा घेतो. म्हणजे पुढच्या भागाला जो व्यास लागतो तो मागच्या भागाला लागत नाही. पाइपचा आकार वायूच्या तापमानाप्रमाणे जागोजागी ठरवायचा असतो. शेवटी दिसणाऱ्या टोकाचा व्यास गाडीबद्दल काहीच सांगत नाही.

"थोडं बॅकप्रेशर लागतंच की हो, नाहीतर टॉर्क जातो" (बॅकप्रेशर म्हणजे पाइपमध्ये अडलेला दाब) हे वाक्य या काळात फार ऐकलं. टर्बो नसलेल्या इंजिनात पाइपची लांबी-रुंदी आणि दाबाच्या लाटा यांचा खेळ असतो, त्यातून हा समज आला असावा. टर्बोच्या मागे तो लागू नाही. टर्बाइन, म्हणजे टर्बोतलं एक्झॉस्टच्या वायूने फिरणारं चाक, फिरतं ते पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर. मागचा दाब जितका कमी, तितकं ते लवकर फिरतं.

आणि टर्बोच्या पुढे, म्हणजे इंजिन आणि टर्बाइन यांच्या मधल्या मॅनिफोल्डला, याच्या अगदी उलट नियम आहे. तिथे वाट अरुंद, आखूड आणि गरम राहिली पाहिजे, कारण वायूचा वेग आणि उष्णता हीच टर्बाइनची शिदोरी. तिथे व्यास वाढवला तर बूस्ट आणखी उशिरा येईल. मॅनिफोल्डला हात लावलेला नाही.

९ जानेवारी

बाजार. ही नोंद जपून वाचा, कारण इथे पैसे जातात.

पाइपच्या दुकानात "अडीच इंची स्टेनलेस" मागितला. व्हर्निअर सोबत नेला होता. लावून पाहिला तर बाहेरचा व्यास ७३ मिलिमीटर आणि जाडी तीनच्या वर. साखर कारखान्यांना आणि बॉयलरवाल्यांना जो पाइप जातो तो एनबी (नॉमिनल बोअर, म्हणजे नावापुरत्या आतल्या व्यासाच्या) मापाचा असतो, त्यात "दोन इंची" म्हणजे बाहेरून ६०.३ मिलिमीटर आणि "अडीच इंची" म्हणजे ७३. एक्झॉस्टवाले मात्र बाहेरचा व्यास बोलतात : अडीच इंच म्हणजे ६३.५. नाव सारखं असलं तरी पाइप वेगळा. वजनातही फरक मोठा आहे. ६३.५ चा १.६ जाडीचा पाइप मीटरला अडीच किलोच्या आत, तर तो एनबी पाइप पाच किलोच्या वर.

मग आर्गन वायूवर स्टेनलेस वेल्ड करणाऱ्या काकांनी वाट दाखवली. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचं शेड आहे, आयुष्य दूध डेअऱ्या आणि औषध कारखान्यांच्या पाइपलाइनी जोडण्यात गेलंय. ते म्हणाले, "डेअरीचा पाइप घ्या की. बाहेरच्या मापावरच येतंय ते, आतनं गुळगुळीत, अन् एल्बो तयार मिळतंय."

अगदी तसंच निघालं. डेअरीच्या मापात ५०.८, ६३.५ आणि ७६.२ मिलिमीटर हे तिन्ही मिळतात, म्हणजे नेमके दोन, अडीच आणि तीन इंच. सव्वादोन मात्र त्यात नाही. सगळं ३०४ ग्रेडचं. एल्बोचा आतला व्यास वळणातही कमी होत नाही, त्यामुळे प्रेसवर वाकवलेल्या बाकाची कटकटच संपली. ६३.५ चा पाइप किलोवर ३४० रुपयांनी पडला, एल्बो प्रत्येकी चारशेच्या आसपास. पुण्याहून तयार मँड्रेल बेंड (आत साचा घालून, चपटे न होऊ देता वाकवलेले बाक) मागवायचे तर याच्या दुपटीहून जास्त पडत होते.

दोन्ही सायलेन्सर आरपार जाळीचे घेतले : मधून छिद्रांची सरळ नळी, भोवती काचेची लोकर. जुन्या मागच्या डब्यात वायू तीन कप्प्यांतून उलटसुलट फिरत होता, ते ०.१४ बार तिथेच जात होते.

१२ जानेवारी

काम थांबलं. गड्ड्याची यात्रा सुरू. नंदीध्वजांच्या मिरवणुका, अक्षता सोहळा, होम मैदानावरची जत्रा. काकांचं शेड बंद आणि त्यांचे दोन्ही हेल्पर मानाच्या काठीसोबत. सोलापुरात जानेवारीच्या मध्याला कामाची तारीख धरूच नये. मीही सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाऊन आलो.

१९ जानेवारी

वेल्डिंग. काकांची एक अट होती : पाइपच्या आतूनही आर्गन सोडल्याशिवाय टाका मारणार नाही. दोन्ही तोंडं ॲल्युमिनियम टेपने बंद, एका बाजूने आर्गन आत, दुसऱ्या बाजूला बारीक भोक. आतली हवा निघून जाईपर्यंत थांबायचं आणि मगच जोड. असं नाही केलं तर स्टेनलेसच्या जोडाच्या आतल्या बाजूला काळे खरखरीत दाणे येतात. तिथे वायू अडतो आणि जोड तिथूनच तडकतो. काकांनी मुद्दाम एक तुकडा आर्गन न सोडता जोडला, कापून दाखवला. बोट फिरवल्यावर पुन्हा शंका राहिली नाही. भरायची काडी ३०८एल.

यामुळे आर्गन जवळजवळ दुप्पट जातो. बिलात तो स्वतंत्र लावलेला आहे आणि तो योग्य आहे.

फ्लँज, म्हणजे पाइप बोल्टने जोडायची चकती, १० मिलिमीटर जाडीची लेझरवर कापून घेतली. आधी सहा मिलिमीटरची करून पाहिली होती, वेल्ड होताच ती वाकली. काचेवर ठेवली की मध्ये उजेड दिसत होता. जाड फ्लँजसुद्धा दुसऱ्या प्लेटला बोल्टने घट्ट आवळून, थोडं थोडं, समोरासमोर टाके मारत जोडली.

दुपारनंतर काकांना एका साखर कारखान्यातून फोन आला, स्टीमची लाइन फुटली होती. गाळप चालू असताना असा फोन आला की बाकी सगळं बाजूला. अर्धी लाइन शेडमध्येच राहिली.

२६ जानेवारी

लाइन बसली. कॅटच्या फ्लँजपासून शेपटापर्यंत सगळी ६३.५ मिलिमीटर. कॅटच्या लगेच मागे जाळीचा बेलो, म्हणजे लवचीक तुकडा. इंजिन आडवं बसवलेलं असल्याने ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की ते पुढे-मागे डुलतं, आणि तो झोका बेलोने खायचा असतो. म्हणून बेलो इंजिनच्या जितका जवळ तितका बरा.

चालवून पाहिली. पहिल्याच चढावर फरक जाणवला. गेज उद्या.

२८ जानेवारी

दोन बिघाड एकाच दिवशी.

पहिला : चार माणसं आणि सामान घेऊन विजापूर रोडला गेलो. खड्ड्यात मागचा एक्सल वर आला आणि पाइपला धडकला. रिकाम्या गाडीत बोटभर जागा दिसत होती, भरल्या गाडीत ती संपली. जॅकवर गाडी उचलून ही जागा मोजता येत नाही, कारण तेव्हा एक्सल खाली लटकलेला असतो. चाकं जमिनीवर, मागच्या सीटवर आणि डिकीत वजन, असं करून मोजायला हवी.

दुसरा : मधल्या सायलेन्सरच्या पट्टीजवळ जोडाच्या कडेला केसाएवढी चीर. जुन्या लाइनची ती पट्टी बॉडीला बोल्टने पक्की होती, तीच वापरली होती. स्टेनलेस लोखंडापेक्षा जास्त लांबतं. ३०४ मध्ये एक मीटर पाइप एका अंशाला ०.०१७ मिलिमीटर वाढतो, लोखंडी पाइप ०.०१२. साडेतीन मीटरची लाइन सरासरी साडेतीनशे अंशांनी तापली की वीस मिलिमीटर लांब होते. ते वीस मिलिमीटर कुठेतरी जायला हवेत. मध्ये पक्की पट्टी असेल तर ते जोड फाडूनच जातात.

पट्टी काढली, तिथे रबरी हँगर लावले. सगळे हँगर गाडी थंड असताना थोडे पुढे झुकलेले ठेवले, म्हणजे पाइप तापून मागे सरकला की ते सरळ होतात.

२ फेब्रुवारी

एक्सलची अडचण सोडवायला हिशोबाची वही उघडली. मागे वायू १७८ लिटरच राहतो. ५०.८ च्या पाइपमध्ये त्याचा वेग साधारण १०० मीटर येतो, म्हणजे पुढच्या ६३.५ मधल्या वेगाच्या जवळपास तेवढाच. मग एक्सलवरून दोन इंची पाइप न्यायला हरकत कसली?

बदलण्याआधी सध्याचं माप घेतलं. सगळी लाइन ६३.५ असताना, पहाटे, त्याच रस्त्यावर : कॅटच्या मागे ०.०९, मधल्या सायलेन्सरच्या मागे ०.०६, मागच्या डब्याच्या तोंडाशी ०.०४.

०.३४ चं ०.०९.

५ फेब्रुवारी

मधल्या सायलेन्सरच्या मागे डेअरीचाच ६३.५ ते ५०.८ चा रिड्यूसर जोडला, तिथून मागे सगळं दोन इंची. एक्सल आणि पाइपमध्ये आता भरल्या गाडीतही अंगठ्याएवढी जागा आहे.

कॅटच्या मागे गेज : ०.१३ बार. म्हणजे मागचा अर्धा भाग अर्ध्या इंचाने बारीक केल्याची किंमत ०.०४ बार. पावणेदोन इंची जुन्या लाइनच्या तुलनेत अजूनही ०.२१ बारचा फायदा हातात आहे. जी गाडी भरली की ठोकर खाणार, तिच्या ०.०४ बारसाठी मी अडणार नाही.

पण ज्यांना इंजिनचं ट्यूनिंग करून १५० पीएसपर्यंत न्यायचं आहे त्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये. वायू वाढला की नुकसान त्याच्या वर्गाने वाढतं, तोच ०.०४ तिथे ०.०७ होईल. त्यांनी मागेही ६३.५ ठेवून एक्सलपाशी वेगळी वाट काढावी.

८ फेब्रुवारी

चेक इंजिनचा दिवा. स्कॅनरवर पी०२३४, म्हणजे बूस्ट ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला. तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० च्या आसपास बूस्ट झपकन चढतो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजिनचा हात आखडतो.

याचं कारण एक्झॉस्टच आहे, आणि त्यात एक्झॉस्टचा दोष नाही. टर्बाइनच्या मागचा दाब कमी झाला, त्यामुळे तेवढ्याच वायूत ते जास्त जोराने फिरतं. जास्तीचा वायू वेस्टगेट नावाच्या झडपेने बाजूने सोडायचा असतो. ती झडप उघडणाऱ्या ॲक्च्युएटरला हातपंप आणि गेज लावून तपासलं तर तो जेवढ्या दाबाला उघडायला हवा त्याच्या बराच नंतर उघडत होता. रॉडवरच्या नटाचे धागे चमकत होते. कुणीतरी तो आवळून आखूड केलेला. गुदमरलेल्या लाइनमुळे बूस्ट येत नव्हता म्हणून ते केलं असणार, आणि जुना चिंचोळा पाइप होता तोवर ते झाकून गेलं.

रॉड सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मापावर परत आणला. दिवा पुन्हा लागला नाही. टर्बो गाडीचा एक्झॉस्ट मोकळा केल्यावर बूस्ट गेज किंवा स्कॅनर लावल्याशिवाय ती जोरात चालवू नका. इंजिनला इजा होते ती इथे होते.

आता तिसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून पूर्ण दाबलं तर पूर्ण बूस्ट २,५०० ला हजर असतो. जुन्या लाइनवर तो २,९०० च्या पुढे येत होता. ताकद किती वाढली ते सांगणार नाही, कारण डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) मोजलेली नाही. मायलेजमध्ये सांगण्यासारखा फरक नाही.

१४ फेब्रुवारी

पुणे रोडला मोहोळपर्यंत गेलो. पाचव्या गिअरमध्ये २,६०० आरपीएमला केबिनमध्ये घुमणारा आवाज. गाडीबाहेर उभं राहिलं तर आवाज मूळ गाडीएवढाच, पण आत बसलं की कानात दडा बसतो. घरच्यांनी या गाडीतून तुळजापूरला यायला नकार दिला. तो नकार बरोबर होता.

चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीत दोन स्फोट. २,६०० ला सेकंदाला ८७ धक्के, म्हणजे ८७ हर्ट्झ. जाळीचे सायलेन्सर वरच्या पट्टीतला आवाज छान खातात, इतक्या खालचा खात नाहीत. जुने कप्प्यांचे डबे तो खात होते, बदल्यात दाब घेत होते.

उपाय म्हणजे बाजूची बंद नळी. मुख्य पाइपला काटकोनात एक नळी जोडायची, तिचं दुसरं तोंड बंद. तिची लांबी आवाजाच्या लाटेच्या पाव असली की आत गेलेली लाट उलटी होऊन परत येते आणि मूळ लाटेला मारते. वायू त्या नळीतून वाहत नाही, त्यामुळे दाबाचं नुकसान जवळजवळ काही नाही.

लांबी काढायला वायूतला ध्वनीचा वेग लागतो आणि तो तापमानावर ठरतो. हळू चालवताना मागच्या पाइपात २७५ अंश धरले, वेग सेकंदाला ४६७ मीटर आला, त्यावरून लांबी १.३५ मीटर. ५०.८ च्या पाइपची, दोन एल्बो टाकून लाइनशेजारीच परत फिरवलेली नळी काकांनी जोडून दिली.

१७ फेब्रुवारी

घुमणं गेलं नाही. २,६०० ला तसंच, मात्र २,३०० ला आवाज एकदम शांत. म्हणजे नळी काम करतेय, पण चुकीच्या ठिकाणी.

उत्तर हात लावताच मिळालं. मुख्य पाइप तापलेला आणि बाजूची नळी त्या मानाने बरीच थंड. वायू तिच्यात वाहतच नाही, मग ती तापणार कशाने? इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत स्टेनलेसवर खोटं बोलतो, खऱ्यापेक्षा फार कमी दाखवतो. म्हणून नळीवर उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचे ठिपके देऊन तिथे मापलं. सरासरी १५० अंश. त्या तापमानाला ध्वनीचा वेग ४११ मीटर, आणि ८७ हर्ट्झला लांबी १.१८ मीटर.

नळीचं बंद तोंड कापून लांबी १.१८ वर आणली. २,६०० ला आता शेजारच्याशी हळू आवाजात बोलता येतं. ज्यांना ही नळी करायची आहे त्यांनी शेवटचं झाकण आधी नुसतं क्लॅम्पने लावावं, गाडी चालवावी, आणि लांबी पक्की झाल्यावरच वेल्ड करावं.

२४ फेब्रुवारी

पुणे, तुळजापूर, अक्कलकोट अशा फेऱ्या झाल्यावर गाडी रॅम्पवर घेतली. फ्लँजचे बोल्ट सगळे पुन्हा आवळावे लागले. पहिल्या काही तापण्या-निवण्यात गॅस्केट बसतं आणि बोल्ट ढिले पडतात. मधल्या हँगरचं एक रबर पाइपच्या फार जवळ येऊन करपत होतं, तिथे पत्र्याची आडपट्टी दिली. कॅटजवळचा पाइप सोनेरी-निळा झालाय, पण जोडांवर कुठेही चीर नाही.

१ मार्च

पीयूसी करून घेतली, आकडे मर्यादेच्या आत. कॅट ठेवल्याचा फायदा इथे दिसतो.

खर्च, ज्यांना अंदाज हवा त्यांच्यासाठी : पाइप, एल्बो आणि रिड्यूसर ७,८०० रुपये, दोन सायलेन्सर ९,५००, बेलो १,६००, फ्लँज आणि गॅस्केट १,९००, आर्गन धरून वेल्डिंगची मजुरी ८,०००, गेज आणि त्याचं सामान १,७००. वाया गेलेली पातळ फ्लँज, मागचा ६३.५ चा भाग आणि दुसऱ्यांदा केलेली मजुरी मिळून ४,००० वेगळे. मागच्या भागाचे पैसे वाचवायचे असतील तर भरल्या गाडीत एक्सलची जागा आधी मोजा. वेळ सर्वांत जास्त गेला तो वेल्डरची वाट पाहण्यात. गाळपाच्या हंगामात हे असंच होणार.

तिन्ही बंग ठेवलेत. उन्हाळ्यात, पारा चाळीसच्या वर गेल्यावर, पहाटेचं आणि दुपारचं माप शेजारी शेजारी घ्यायचं आहे. तोवर त्यांना स्टेनलेसचे प्लग लावले, आट्यांना अँटी-सीझ लावून. नाहीतर ते पुढच्या वेळी निघणार नाहीत.